आमच्या आठशेचा लाल रंग

इंदूरला पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी पोहे-जिलबी, मग राजवाडा, संध्याकाळी छप्पन दुकान आणि रात्री सोन्याचांदीची दुकानं मिटली की सराफ्यात खादाडी. मीही इतकी वर्षं पाहुण्यांना हेच इंदूर दाखवत आले. गेल्या दीड वर्षात मात्र मला याच गावाची एक वेगळी बाजू भेटली. तिथे तुपाऐवजी थिनरचा वास येतो आणि दिवसभर कागद घासल्याचा आवाज असतो. साठी उलटल्यावर, बँकेतून निवृत्त होऊन मी घरच्या घरी गाडी रंगवायला शिकले, त्याची ही हकीकत.

गाडी म्हणजे आमची मारुती ८००. १९९६ सालची, एमपी ०९ ची, लाल. घेतली तेव्हा आमच्या गल्लीतली ती दुसरी गाडी होती. मी गाडी चालवायला शिकले ती हिच्यावरच. अठ्ठावीस वर्षं माळव्याचं ऊन खाऊन तिचं बॉनेट आणि टप गुलाबी पडले होते. लाल रंगाचं हे दुखणंच आहे, तो उन्हाने सगळ्यात लवकर विटतो. इंजिन मात्र ठणठणीत. पंधरा वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. २०११, २०१६, २०२१ अशी तीनदा झाली, चौथी २०२६ मध्ये होती. पुण्याहून मुलाचं म्हणणं होतं, "आई, आता भंगारात दे." हे म्हणाले, "विकायची तर विक, पण अशा तोंडाने नको." मी दोघांचंही ऐकलं नाही. नोंदणीच्या तपासणीला ती चांगल्या कपड्यांत जायला हवी आणि ते कपडे मी स्वतः शिवणार, असं ठरवून टाकलं.

तसं पाहिलं तर रंगाच्या बाबतीत इंदूरकराला परक्याकडे जावं लागत नाही. दत्तात्रय देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली याच गावात ना. श्री. बेंद्रे आणि एम. एफ. हुसेन रंग कालवायला शिकले. आणि गाडीच्याच रंगाचं म्हणाल, तर यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीची गाडी घेतली, लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर बॉडी बांधून घेतली आणि तिला रंग दिला केशरी आणि काळा. जुन्या गाड्यांचे शौकीन जगभरात आजही ती गाडी 'इंदूरच्या महाराजांची' म्हणूनच ओळखतात. त्याच महाराजांचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेझिउस या जर्मन वास्तुविशारदाने बांधला. त्यावरून जाताना आता मला वास्तुकलेपेक्षा तो केशरी पत्रा आठवतो आणि वाटतं, महाराजांचं नाव राहिलं, गाडी बांधणाऱ्या कंपन्यांची राहिली, पण तो पत्रा घासून-घासून आरशासारखा करणारे हात कुणाचे होते?

हात कसले असतात ते मला लोहामंडीजवळच्या एका गल्लीत कळलं. डेंटिंग-पेंटिंगची एक टपरीवजा शेड आहे. तिथले उस्ताद पासष्टीचे, बारीक, पांढऱ्या दाढीचे. गाडी रंगवून देण्याचा भाव विचारायला आलेय असं समजून त्यांनी आकडा सांगितला. मला शिकायचंय म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे, मग मागे उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "माझ्याकडे बघू नका, मी फक्त सोडायला आलोय." उस्ताद हसले आणि म्हणाले, "ताई, गन बाद में. पहले कागज."

कागज म्हणजे पानी-पेपर. पाण्यात भिजवून घासायचा काळा कागद. त्याला नंबर असतात, आणि नंबर जितका लहान तितका कागद खरखरीत. ८० आणि १२० पुट्टी उतरवायला, ३२० आणि ४०० प्रायमरच्या आधी, ६०० आणि ८०० रंगाच्या आधी, आणि रंग वाळल्यावर १५०० आणि २०००. पायऱ्या गाळायच्या नाहीत. १२० नंतर थेट ६०० मारला तर १२० चे ओरखडे तसेच राहतात आणि रंग सुकून बसला की एकेक करून वर येतात. शेडमध्ये एक जुनं, कुणाचं तरी काढून टाकलेलं बॉनेट होतं. तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, मी ते घासलं. बोटांची टोकं गुळगुळीत झाली. मोबाइल उघडायला बोटाचा ठसा चालेना, तेव्हा ह्यांनी जाहीर केलं की बायकोची ओळख पुसली गेली.

घासताना उस्ताद डोळे मिटायला सांगत. पत्र्यावर तळवा सपाट ठेवून हलकेच फिरवायचा. खड्डा, उंचवटा, पुट्टीची कड, सगळं हाताला आधी कळतं. डोळा रंग बघून फसतो, तळवा फसत नाही. ताकात पीठ कालवताना गुठळी बोटाला लागते, तसंच हे. उस्तादांना ही उपमा फार आवडली. नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला ती ऐकवत होते.

सामानासाठी सियागंज. इंदूरच्या या घाऊक बाजारात हार्डवेअरची आणि रंगाची दुकानं एकाला लागून एक आहेत, आणि दुपारी तिथे चालणंसुद्धा अवघड. उस्तादांनी यादी दिली होती: पुट्टी आणि तिचं हार्डनर, गंज मारायचं रसायन, प्रायमर-सरफेसर, थिनर, मास्किंग टेप, धूळ टिपायचं चिकट फडकं, रबिंग. रंगाबद्दल एक युक्तीही सांगितली. गाडीवर रंगाचा कोड असतो, पण तो कारखान्यातल्या दिवसाचा. दुकानदाराला पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून आतला रंग दाखवायचा. तिथे ऊन पोचलेलं नसतं. मी झाकण उघडलं आणि १९९६ सालचा लाल रंग तसाच्या तसा समोर आला. शोरूममधून निघताना आईने बॉनेटवर काढलेलं हळदीकुंकवाचं स्वस्तिक मला क्षणभर दिसलं.

रंग तोच ठेवला याचा आणखी एक फायदा. गाडीचा रंग नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेला असतो. तो बदलायचा तर आरटीओत जाऊन तशी नोंद करून घ्यावी लागते. लालवर लाल म्हणजे ती भानगड नाही.

आता रंग कुठला, हा खरा प्रश्न. मेकॅनिक मंडळी सरसकट 'ड्यूको' म्हणतात. ड्यूको हे मुळात अमेरिकेच्या ड्यूपॉन्ट कंपनीचं नाव. १९२०च्या दशकात त्यांनी नायट्रोसेल्युलोजचा, म्हणजे एनसी, रंग आणला. त्याआधी व्हार्निशसारखे रंग वाळायला इतका वेळ घेत की एक गाडी रंगवायला काही आठवडे लागायचे. एनसीमधलं थिनर उडून गेलं की झाला कोरडा, मिनिटांत. म्हणूनच शिकाऊ माणसाला तो बरा. चुकलं तर घासा, परत मारा. दुसरा रंग पीयू. त्यात हार्डनर मिसळतात आणि रासायनिक क्रिया होऊन तो कडक होतो. चमक उत्तम, टिकाऊ, पॉलिश न करताही आरसा. मला अर्थातच पीयू हवा होता.

"घर में नहीं," उस्ताद एकदम म्हणाले. त्यांचा असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवारा उडाला की ते श्वासाबरोबर आत जातात आणि त्यांनी दमा जडू शकतो. एकदा शरीराने त्यांच्याशी वैर धरलं की पुढे अगदी थोडा अंशसुद्धा छाती आवळतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचा वास येत नाही. वास येईपर्यंत प्रमाण धोक्याच्या पुढे गेलेलं असतं. म्हणून नाकावर डबी लावलेल्या साध्या मास्कवर पीयू मारणं सुरक्षित नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा लागतो. हे सगळं मी घरी येऊन वाचलं. उस्तादांनी मला इतकंच सांगितलं की त्यांनी पस्तीस वर्षं गमछा बांधून गन चालवली, पुढे पीयू आला तेव्हाही गमछाच होता, आणि आता डॉक्टरांनी गनला हात लावायला मनाई केली आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या आठवड्यांत मी त्यांना बसूनच पाहिलं होतं. शेडच्या मागे तीन पायऱ्या आहेत. त्या चढताना ते मधल्या पायरीवर थांबतात. मला वाटायचं, काही आठवलं असेल.

त्यांचा मुलगा पीथमपूरला एका कारखान्यात रंगाच्याच खात्यात आहे. इंदूरपासून तासाभरावर, धार जिल्ह्यात वसलेलं हे आपल्याकडचं वाहनांचं गाव. तिथे रंगाची खोली बंद असते, हवा वरून खाली खेचली जाते, आणि आत जाणाऱ्याला डोक्यावरून हवेची नळी लावलेली टोपी मिळते. उस्तादांनी ती एकदा पाहिली. म्हणाले, "ताई, चाँद पे जाने वाले जैसा." काम एकच, रंगही एकच, मधे फक्त पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर.

तेव्हा आम्ही एनसीच घेतला. त्यालाही मास्क हवाच, कारण थिनरची वाफ काही अमृत नव्हे. सेंद्रिय वाफ आणि कण दोन्ही अडवणाऱ्या डब्यांचा मास्क, चष्मा, हातमोजे. मास्कला गनपेक्षा जास्त पैसे पडले. शिवाय एनसी लगेच पेट घेतो. त्यामुळे आसपास देवाचा दिवा, गॅस, गीझर काहीही चालू नको, आणि हवा वाहती हवी.

दिवसही बघावे लागतात. रंगाचं पंचांग माळव्यात अगदी सरळ आहे. पावसाळ्यात एनसी मारायचा नाही. थिनर भराभर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लाल रंगावर दुधी सावट येतं. एप्रिल-मेमध्येही नाही. रंग पत्र्यावर पोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि खरखरीत बसतो, वर आमची काळ्या मातीची धूळ. दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस चांगले, आणि थंडीत तेही सकाळी अकरा ते चार. माळव्याच्या रात्रींचं एवढं कौतुक असतं, पण रंगाऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही, दव पडतं.

गन हातात आली ती डिसेंबरात. उस्ताद खुर्चीवर, मी पत्र्यासमोर. गन पत्र्यापासून एक वीत. माझी वीत आठ इंचांची, नेमकी हवी तेवढी. मनगट वळवायचं नाही, आख्खा हात न्यायचा, गरज पडली तर चालायचं. पत्रा सुरू होण्याआधी घोडा दाबायचा आणि पत्रा संपल्यावर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा. मग त्यांनी मला मुद्दाम सगळे दोष काढायला लावले. जवळून मार, ओघळ काढ. लांबून मार, खरखर काढ. रंग घट्ट ठेव, संत्र्याच्या सालीसारखा पोत येऊ दे. एका कोपऱ्यात केसांच्या तेलाचं बोट लावून त्यावर मारायला लावलं. रंग तिथे थांबेना, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पडली. "अब पहचान हो गई," म्हणाले. आजार ओळखता आला की अर्धं औषध झालं, हे त्यांचं सूत्र.

त्या तेलाच्या बोटामुळे आमच्या घरात एक नियम आला. स्वयंपाकघराचा पंखा मागच्या अंगणात उघडतो आणि गाडी तिथेच. त्यामुळे रंगाच्या दिवशी फोडणी बंद. फेब्रुवारीत पाच दिवस आम्ही दहीपोहे, थालीपिठाऐवजी ब्रेड आणि शेजारच्या वहिनींनी दिलेली खिचडी यांवर काढले. अंगणाला तिन्ही बाजूंनी जुन्या चादरी आणि वर प्लॅस्टिक, वारा जायला समोरची बाजू मोकळी. जमिनीवर पाणी शिंपडायचं म्हणजे धूळ उडत नाही. आमचा कंप्रेसर लहान, दोन पट्टे मारले की त्याला दम लागतो. म्हणून एका दिवशी एक-दोन भाग: बॉनेट, मग दारं, शेवटी टप. बाहेरून सगळी मिळून दोन लिटर रंग पुरला. कॉलनीतली मुलं गेटवर रांगेत उभी राहून "काकू, आमची सायकल?" विचारत होती.

उरलेलं थिनर आणि रंगाचे डबे नालीत ओतायची इंदुरात सोय नाही, आणि ते बरंच आहे. २०१७ पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिला नंबर आणणारं हे गाव कचरा सहा भागांत वेगळा करतं. त्यात घरगुती घातक कचऱ्याचा कप्पा वेगळा असतो. सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या गाडीवरच्या ताईंनी माझे डबे घेतले आणि झाकणं घट्ट आहेत ना ते तपासलं.

रंग झाला तेव्हा गाडी चक्क निस्तेज दिसत होती. एनसीची चमक आपोआप येत नाही. दोन आठवडे पुरता वाळू देऊन मग पुन्हा पानी-पेपर, १५००, २०००, त्यावर रबिंग, त्यावर पॉलिश. रबिंगच्या तिसऱ्या दिवशी दारात अंगणातला पेरू दिसायला लागला, पानं मोजता येतील असा. सगळ्या कामाचे दिवस मांडले तर गन चालली पाच दिवस आणि कागद चालला जवळजवळ तीन महिने. लोक चमक बघतात, पण ती खाली घासलेल्या थरांची असते. आणि ज्या स्वस्त, सुंदर कामाचं आपण कौतुक करतो, त्याच्या सगळ्यात खालच्या थरात कुणाचा तरी श्वास असू शकतो. मला हे हौसेपोटी कळलं. हौशी माणसाला मास्क विकत घेण्याची, दमलं की थांबण्याची, दव आहे म्हणून उद्यावर ढकलण्याची मुभा असते. पोटासाठी करणाऱ्याला गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी मागतं. शेजारच्या गल्लीत गाडी रंगवायला देताना आपण भावात पाचशे रुपये कमी करून घेतो. ते कुठून कमी होतात, हे एकदा विचारायला हरकत नाही.

उस्ताद गाडी बघायला आले. एक फेरी मारली, डोळे मिटून दारावर तळवा फिरवला आणि म्हणाले, "दरवाजा अच्छा है." बाकी काही बोलले नाहीत. हे मोठं प्रशस्तिपत्रक आहे, असं त्यांच्यासोबत आलेल्या पोराने मला कानात सांगितलं. पैसे घेईनात. पुरणपोळी घेतली. मी त्यांना माझ्यासारखाच एक नवा मास्क आणि डब्यांचे चार जादा जोड दिले. त्यांनी ते खोकं काखेत धरलं आणि "अब मेरे क्या काम का" म्हणत शेडमधल्या खिळ्याला टांगून ठेवलं.

मग रंगपंचमी आली. त्या दिवशी राजवाड्यावर गेर निघते. टँकरमधून आणि मोठ्या पंपांमधून रंग इमारतींच्या गच्च्यांपर्यंत उडतो आणि लाखभर माणसं खाली भिजत असतात. आमची आठशे चादरीखाली होती आणि चादरीवर प्लॅस्टिक, त्यावर हे पहाऱ्याला. त्यानंतर दोन दिवसांनी उरलेले कागद परत करायला मी शेडमध्ये गेले. खिळा रिकामा होता. आतल्या बाजूला त्या पोराने एका व्हॅनच्या दाराला प्रायमर धरला होता, तोंडावर मास्क. उस्ताद बाहेर खुर्चीवर बसून ओरडत होते, "पट्टा कस! नाक के पास से हवा जा रही है!"

मुलगा दिवाळीत आला तेव्हा गाडी घेऊन सराफ्याला गेला. भंगाराचा विषय निघाला नाही.